नानाला कुणी विचारलं?

४ जून

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिते आहे. हल्ली फोनवर मी 'हो हो' म्हणते, ते ऐकू आलं म्हणून नव्हे, समोरचा बोलायचा थांबला म्हणून. त्यात कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. नानाला वाटतं किटली उकळली, आणि तो जाऊन गॅस बंद करतो.

तर, मी मृत्युपत्र केलं. चाळीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि आपला स्वतःचा कागद कोरा ठेवून जायचं, हे काही बरं दिसेना. वकीलबाई तरुण आहेत, हुशार आहेत, पण त्यांच्या मसुद्यात मला अकरा चुका सापडल्या. 'स्थावर मिळकत'च्या जागी 'स्थविर मिळकत' टाइप केलं होतं. म्हटलं, बाई, स्थविर, म्हणजे म्हातारी, मी आहे, मिळकत नव्हे. बिचाऱ्या लाजल्या.

मुद्द्याचं सांगते. घर एका ट्रस्टमध्ये ठेवते आहे. म्हणजे घर नानाच्या नावावर नाही, पण नानासाठी. माझ्यानंतर ते विकायचं आणि त्यातून नानाचा सहनिवासातला कायमचा खर्च भागवायचा. सहनिवास म्हणजे ती नदीपलीकडची विटांची इमारत. नानासारखी सहा मोठी माणसं राहतात, चोवीस तास मदतनीस असतात, स्वच्छ आहे. विश्वस्त दोन, वकीलबाई आणि तुझा मावसभाऊ. तो कंजूष आहे हे मान्य, पण दुसऱ्याच्या पैशाच्या बाबतीतही तितकाच कंजूष आहे, आणि आपल्याला तेच हवंय.

नावावर का नाही, ते तुला सांगायला नको. अडतीस वर्षांचा झाला तरी सहीचा अभिमान काही जात नाही. दारात कुणी कागद घेऊन उभा राहिला की हा 'कशावर?' असं विचारत नाही, 'कुठे?' असं विचारतो. पाणी गाळायची तीन यंत्रं माळ्यावर पडली आहेत.

तुला बाबांची पुस्तकं आणि त्यांचं लिहायचं टेबल. जबाबदारी मात्र काडीचीही नाही. सोबतच्या कागदावर 'मला हे सर्व मान्य आहे' एवढंच आहे. सही करून परत पाठव, तारीख घालायला विसरू नकोस.

नाना मजेत. इस्पितळाच्या धुलाईघरात तो आता चादरींबरोबर डॉक्टरांचे झगेही घडी करतो, त्याला तो 'बढती' म्हणतो. काल मात्र तोंड पाडून आला. म्हणे, दुसरं टोक आलं नाही. मी म्हटलं, अरे चादरीला दुसरं टोक असतंच, नीट बघ. तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच अडाणी.

तुझी,
आई


१३ जून

आई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी आठवडाभर एका जुन्या लोखंडी पुलाखाली लोंबकळत होते. आमचं काम तुला ठाऊक आहे, हातोडीने एकेक रिवेट वाजवून बघायचा. घट्ट असला तर खणखणतो. सैल असला तर बद्द वाजतो. दिसायला दोन्ही सारखेच. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'जबाबदारी मात्र काडीचीही नाही' या वाक्यापाशी बद्द वाजलं.

कागदावर सही केलेली नाही. घरावर माझा डोळा आहे असं तुला वाटणार नाही, एवढी खात्री आहे. पण विश्वस्त म्हणून एक वकीलबाई, ज्यांना आपण वर्षभरही ओळखत नाही, आणि एक मावसभाऊ, जो नानाशी बोलताना आवाज चढवतो, जणू नाना बहिरा आहे. सख्खी बहीण कुठेच नाही.

मला कारण माहीत आहे, आई. मी सतरा वर्षांची होते, नाना नऊचा. तू मला त्याला घेऊन बस-थांब्यावर उभं राहायला सांगितलं होतंस. मी मैत्रिणीशी बोलत बसले आणि तो समोर आलेल्या बसमध्ये चढून गेला. सहा तासांनी शेवटच्या थांब्यावर सापडला, कंडक्टरच्या शेजारी बसून तिकिटं मोजत होता. त्याला काही झालं नव्हतं. तू मला मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. फक्त एवढंच म्हणालीस, "तुझ्यावर सोपवलं, हीच माझी चूक."

एकोणतीस वर्षं झाली. आता तेच वाक्य वकिलाच्या कागदावर आलंय, इतकंच.

आणि एक विचारते. एवढी घाई कशाला? तब्येत बरी आहे ना?

ताई


२२ जून

ताई,

मी असं म्हणाले? मला आठवत नाही. तू खोटं बोलणार नाहीस, म्हणजे म्हणालेच असणार. त्या संध्याकाळचं मला फक्त तुझ्या बाबांचा एक बूट आठवतो. दुसरा बूट न घालताच ते पोलीस चौकीत गेले होते.

पण मृत्युपत्राचं कारण ते नव्हे. कारण उलटंच आहे. लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते.

तू तो तुझ्या ऑफिसातला माणूस घरी घेऊन आली होतीस. आम्हाला तो आवडला होता. निघायच्या आधी तुम्ही दोघं स्वयंपाकघरात बोलत होता आणि मी दाराआड टॉवेलांच्या घड्या करत होते. तेव्हा मला ऐकू येत होतं. तो म्हणाला, "आईवडिलांनंतर तुझ्या भावाचं काय?" महिन्याभराने तू कळवलंस की जमलं नाही. का, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या एका लेकराचं ओझं दुसऱ्या लेकराच्या पाठीवर टाकून मी जाणार नाही. लहानपणी तू मैदानाच्या कडेला त्याचा हात धरून उभी राहायचीस आणि बाकीच्या मुली खेळायच्या. तेवढं पुष्कळ झालं. मी तुला वगळलं नाही ग, मोकळं केलं. आई म्हणून तुला देण्यासारखं माझ्याकडे हेच आहे.

सहनिवासात नाना चार दिवस राहून बघणार होता. दुसऱ्या संध्याकाळी बॅग घेऊन दारात हजर. दोन बस बदलून एकटा आला. सवय नाही, होईल हळूहळू. हे घर मोठं आहे आणि आणि मी काही कायमची पुरणार नाही. तब्येतीचं म्हणशील तर वयाला शोभेल अशी आहे.

सही पाठव.

आई


१ जुलै

आई,

दाराआडून ऐकणारा अर्धंच ऐकतो. उरलेलं अर्धं आता ऐक.

त्याने तो प्रश्न विचारला, आणि त्याबद्दल मला राग आला नाही. लग्न करायचं तर विचारायलाच हवा होता. राग आला तो कुठे तो विचारला त्याचा. नाना तिथेच होता, आई. टेबलाशी बसून सालं काढत होता. हा माणूस दोन दिवस आपल्या घरी होता आणि नानाशी एक वाक्य बोलला नाही. नानाला काही विचारायचं असलं की माझ्याकडे बघून विचारायचा, "याला साखर चालते का?" मी म्हटलं, त्यालाच विचार. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

मी त्याला सोडलं. नानामुळे नव्हे, नानाच्या खांद्यावर बंदूक ठेवूनही नव्हे. त्याच्यासारख्याबरोबर म्हातारं व्हायचं मला नको होतं, म्हणून. एकटी राहते ती माझ्या मर्जीने आणि बरी राहते. आणि मैदानाच्या कडेला मी उभी असायचे कारण मला धावायला आवडत नव्हतं. नाना ही माझी उत्तम सबब होती. तेव्हा माझ्या त्यागाच्या फुकटच्या माळा गळ्यात घालून फिरू नकोस.

आता माझा प्रश्न. तू ठरवलंस, वकीलबाईंनी लिहिलं, मावसभावाने मान डोलावली, मी रुसले. या सगळ्यात नानाला कुणी विचारलं? दोन बस बदलून घरी आलेला माणूस काहीतरी सांगत असतो. त्याला 'सवय नाही' म्हणणं आणि 'याला साखर चालते का' म्हणणं यात मला फार फरक दिसत नाही. कठोर लिहिलंय, पण खोडत नाही.

दुसरं. तुझ्या पत्रात 'आणि' हा शब्द लागोपाठ दोनदा आला आहे आणि शेवटच्या ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत. तुझ्या हातून आजवर एक काना चुकलेला मी पाहिलेला नाही. काय झालंय?

ताई


१५ जुलै

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी स्वतःवर चिडले. तिसऱ्या दिवशी वकीलबाईंची वेळ घेतली आणि काल नानाला घेऊन गेले. झालं ते जसंच्या तसं लिहिते.

नाना कोट घालून आला होता. त्यांची कचेरी दुसऱ्या मजल्यावर, त्यात लिफ्ट बंद. वर पोचल्यावर वकीलबाई सवयीने माझ्याशीच बोलायला लागल्या. मी म्हटलं, त्याच्याशी बोला. मग त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"नाना, पुढे तुम्हाला कुठे राहायला आवडेल? म्हणजे समजा, कधीतरी... आई जेव्हा..."

"मेल्यावर?" नाना म्हणाला.

मी सत्तेचाळीस पानांच्या मसुद्यात 'पश्चात', 'हयातीनंतर', 'निधनोपरांत' असे शब्द तपासले होते. हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा त्याने उच्चारला.

"हो," वकीलबाई म्हणाल्या. "मेल्यावर."

"घरी."

"एकटेच?"

"एकटा नको. एकट्याला दाराचा आवाज येतो."

"मग ताईकडे जाल?"

"ताईच्या गावात सतरा नंबर नाही," तो म्हणाला. सतरा नंबर म्हणजे धुलाईघराची बस. "ताई पुलाखाली असते. मी सुट्टीत जाईन. मग परत येईन. कामाला जायचं असतं."

"सहनिवास नाही आवडला?"

"आवडला. बटाटे चांगले करतात. पण दोन बस. आणि दुसरं टोक तिथे रडतं."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षं मी हे ऐकते आहे. दुसरं टोक आज हसलं, दुसऱ्या टोकाला सर्दी झाली, दुसरं टोक आलं नाही. मला वाटायचं, याचं आपलं चादरींशी बोलणं. त्यांनी नानाला 'दुसरं टोक म्हणजे कोण?' असं विचारलं तेव्हा कळलं. ताई, ते माणूस आहे. इस्पितळाची चादर एकट्याने घडी होत नाही. एक टोक नाना धरतो आणि दुसरं टोक जो धरतो त्याचं नाव नानाने 'दुसरं टोक' ठेवलंय. चाळिशीचा गृहस्थ आहे, फार कमी बोलतो, आणि गेली पाच वर्षं सहनिवासात राहतो. चार दिवसांसाठी नाना तिथे गेला, तर पहिल्याच रात्री नानाने पलीकडच्या खोलीतून त्याचं रडणं ऐकलं.

"तो आमच्याकडे येऊ दे," नाना म्हणाला. "ताईची खोली रिकामी आहे. आणि एक मदतनीस बाई. ती खालच्या खोलीत. मग दाराचा आवाज आला तरी चालतो."

हे त्याने कधी ठरवलं होतं, देव जाणे. आम्ही सगळे शहाणे सहा महिने जे लिहीत होतो, ते त्याच्या डोक्यात तयार होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या की हे करता येण्यासारखं आहे. घर विकायचंच नाही, ट्रस्टने ते सांभाळायचं. सहनिवासाच्या संस्थेशी बोलून बघू. "घाई नाही, सावकाश ठरवू."

"घाई आहे," नाना म्हणाला. "आई जिन्यात बसते. सात पायऱ्या, मग बसते. ताईला सांगू नको म्हणाली."

"नाना!" मी ओरडले. "मग का सांगितलंस?"

"ताईला नाही सांगितलं," तो म्हणाला.

तेव्हा आता मीच सांगते. हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा, थंडीच्या आत करा. माझं वय चौऱ्याहत्तर. मी गेले चार महिने 'बघू' म्हणते आहे. नानाची सोय लागल्याशिवाय टेबलावर झोपायची माझी हिंमत नव्हती, आणि सोय नीट लागत नव्हती, कारण मी एकटीच लावत होते.

आणखी एक. पुस्तक छापून गेल्यावर चूक सापडली तर आम्ही शेवटी शुद्धिपत्र जोडायचो. एकोणतीस वर्षं उशिरा जोडते.

'तुझ्यावर सोपवलं, हीच माझी चूक' याऐवजी 'दोन लेकरांना रस्त्यावर एकटं सोडलं, ही माझी चूक' असे वाचावे.

आई


२० जुलै

आई,

वाचलं. शुद्धिपत्र कापून पाकिटात ठेवलंय. त्यावर याहून जास्त मला आत्ता लिहिता येणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. सहा आठवड्यांची रजा टाकली आहे. इस्पितळात फोन करून मी तुझ्या डॉक्टरांशी बोलले, ते तुझ्यावर रागावले आहेत. तारीख त्यांच्याकडून घेतली आहे, आठ ऑगस्ट. 'बघू' म्हणायची सोय ठेवलेली नाही.

त्याआधी कागद पुरे करायचे आहेत. माझ्या अटी लिहिते, म्हणजे आल्या आल्या वाद घालायला नको.

मी विश्वस्त होणार. मावसभाऊ राहू दे, वकीलबाई राहू देत, मी तिसरी. दोघांचं एकमत झालं की निर्णय, म्हणजे कुणा एकावर सगळं येत नाही. मी नानाला सांभाळायला तिथे येऊन राहणार नाही. हे लिहिताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं, तशी वाटली नाही. मी त्याची बहीण राहीन, मदतनीस होणार नाही. मला घर नको, आई, पण घराच्या कागदावर माझं नाव हवं. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकच समजत होतीस.

नानानंतर घर सहनिवासाच्या संस्थेला जावं, राहती माणसं तिथेच राहावीत या अटीवर. मला मूलबाळ नाही, आणि मावसभावाच्या पोरांनी ते विकून गाड्या घ्याव्यात असं मला वाटत नाही.

आणि तू एक वही लिहायची. वकिलाची नव्हे, तुझी. नानाला ताप आला की तो सांगत नाही, फक्त मोजे काढत नाही. चिडला की त्याला हात लावायचा नाही, शेजारी जाऊन बसायचं. हे मला माहीत आहे. पण असं शंभर गोष्टींमधलं मला दहाच माहीत असेल आणि त्या येणाऱ्या बाईंना काहीच नसेल. ट्रस्टच्या कागदात कुणी हे लिहीत नाही. ऑपरेशनच्या आधी लिही. हात थकला तर तू सांग, मी लिहीन. चुका तू काढ.

माझ्या खोलीतलं सामान मी स्वतः हलवीन. नानाला सांग, दुसऱ्या टोकाला कपाटाच्या वरच्या दोन फळ्या आणि खिडकीची बाजू.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

तू गेल्यापासूनचं पहिलं पत्र. अक्षर बघ, ओळी सरळ आहेत. डॉक्टर म्हणतात, झडप माझ्यापेक्षा जास्त टिकेल. मी विचारलं, मग ती मृत्युपत्रात कुणाच्या नावे करू? ते हसले नाहीत. डॉक्टर मंडळींना विनोद समजावून सांगावा लागतो.

दुसरं टोक येऊन आज तीन आठवडे झाले. पहिले चार दिवस तो बॅग उघडतच नव्हता. रोज सकाळी भरलेली बॅग दाराशी ठेवायचा आणि संध्याकाळी परत वर न्यायचा. मदतनीस बाई म्हणाल्या, काही बोलू नका. पाचव्या दिवशी बॅग खाली आली नाही. रात्री रडणं नाही. बाई कडक आहेत, वही पाठ केल्यासारखी वाचतात, आणि त्यात एक चूक त्यांना सापडलीसुद्धा. मी लिहिलं होतं, नानाला दूध गरम लागतं. नाना त्यांना म्हणाला, गरम नको असतं, पण आई देते. अडतीस वर्षं, ताई!

मावसभाऊ परवा येऊन गेला. सगळ्या खोल्या बघितल्या, दिवे किती जळतात ते मोजलं. जाताना नानाशी हळू आवाजात बोलला. तू त्याला काही म्हणालीस का? म्हणाली असशील तर बरं केलंस.

मी घरात आता पाहुण्यासारखी आहे. सकाळी दोघं डबे घेऊन सतरा नंबरला जातात, बाई आपल्या कामाला लागतात, मला कुणी काही करू देत नाही. सुरुवातीला वाईट वाटलं. मग खिडकीशी बसून बाबांची पुस्तकं वाचायला घेतली. तुझी आहेत, पण तू यायच्या आत संपवते. पहिल्याच पुस्तकात सात चुका निघाल्या.

काल रविवार. मी पलंगावरून उठून खुर्चीत बसले, आणि त्या दोघांनी माझी चादर काढून नवी घातली. जुनी घडी करायला घेतली. एक जण दाराशी, एक जण खिडकीशी. एक शब्द नाही. दोघं चालत जवळ आले, कोपऱ्याला कोपरा लावला, मागे गेले, पुन्हा जवळ आले. मी छापखान्यात उत्तम कारागीर पाहिले आहेत, पण असं जुळलेलं काम क्वचितच पाहिलं.

घडी झाल्यावर दुसरं टोक ती ठेवायला गेला. नाना माझ्यापाशी आला, म्हाताऱ्या माणसासारखे हात पाठीमागे बांधून, लहानपणी ज्यामुळे त्याचं नाव नाना पडलं तसाच. म्हणाला,

"आई, आता तू मेलीस तरी चालेल."

ताई, नाना जन्मल्यापासून मी काय मागत होते ते मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मी हेच मागत होते, पण कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत मागायचं ते माहीत नव्हतं. तो वाट बघत उभा राहिला. उत्तर मिळाल्याशिवाय तो हलत नाही, वहीत आहे ते.

मी म्हटलं, "बरं."

"पण आज नको," तो म्हणाला. "आज मी अंडी उकडतो आहे. तुला एक की दोन?"

मी दोन सांगितली.

आई